बॉनेटवरचे सदतीस तारे

हेडली स्टिकलंड अकरा वर्षं आमच्या गावातल्या खाटकाच्या दुकानात शिरला नाही. मांस वाईट होतं असं नव्हे. खाटकानं दुकानावरची पाटी शहरातून रंगवून आणली होती आणि त्या पाटीतलं एक अक्षर बाकीच्यांपेक्षा केसभर खाली बसलं होतं. "तिथं उभं राहिलं की माझी मान वाकडी होते," असं हेडली म्हणायचा. मग त्याची बायको डॉर्कस जाऊन मटण आणायची आणि घरी तो ते निमूटपणे खायचा. मटणाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

आमच्या कूम्ब मोल्टनमध्ये ज्या ज्या वस्तूवर अक्षर होतं ती ती हेडलीच्या हाताखालून गेलेली. शेतकऱ्यांचे छकडे, पाववाल्याची गाडी, चर्चमधला गाण्यांच्या आकड्यांचा तक्ता, सगळं. बाप गाड्यांची चाकं करायचा, हेडली त्याच गाड्यांवर मालकाचं नाव घालायचा. हात असा की एका दमात चार फूट रेघ ओढावी आणि तिला पट्टी लावून बघणाऱ्यालाच शरम वाटावी. जीभ मात्र हाताच्या अगदी उलट. दुसऱ्यानं रंगवलेली पाटी दिसली की हा समोर थांबायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, आणि मालकाला ऐकू जाईल एवढा उसासा टाकून पुढं जायचा. असल्या माणसाला मित्र कुठून असणार? एक होता. जोब व्हाइन, चर्चची घंटा वाजवणारा आणि कबरी खणणारा. जोबला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून जमलं.

हेडलीचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे 'स्टार' या आमच्या पबची पाटी. गडद निळ्यावर पाच टोकांचा तारा. प्रत्येक टोकाच्या मधोमध एक रेघ, रेघेच्या एका अंगाला पांढरा रंग आणि दुसऱ्या अंगाला राखाडी. एवढंच. पण रस्त्यावरून बघा, तारा पाटीतून वीतभर बाहेर आलाय असं वाटायचं. पिऊन बाहेर पडलेली माणसं वाकून चालायची, कपाळाला लागेल म्हणून. ही गोष्ट हेडली स्वतः कधी सांगायचा नाही. दुसऱ्या कोणी सांगायला घेतली तर मात्र तो शेवटपर्यंत बसून राहायचा.

लढाई सुरू झाली आणि एकोणीसशे चाळीस साली वरून हुकूम आला की रस्त्यावरची गावांची नावं पुसा. शत्रू उतरला तर त्याला वाट कळता कामा नये. ती नावं हेडलीनंच घातलेली, आणि पुसायलाही त्यालाच बोलावलं. त्यानं पुसली. एका दिवसात सोळा पाट्या. पुढचे दोन महिने तो कोणाशी धड बोलला नाही. शत्रू काही आला नाही, पण पाववाला तीनदा चुकून भलत्याच गावाला पाव वाटून आला.

हेडली आणि डॉर्कसचा एकुलता एक मुलगा सिरिल. बापाचा हात त्याला मिळाला नव्हता. ब्रश धरला की रंग कोपरापर्यंत यायचा. हेडलीनं चार वर्षं शिकवून बघितलं आणि मग नाद सोडला. सिरिलला इंजिनं आवडायची, आणि त्याहून आवडायचं ते चर्चच्या मनोऱ्यात जाऊन घंटेच्या दोराला लोंबकळणं. जोब त्याला लोंबकळू द्यायचा. मोठा झाल्यावर सिरिल फौजेत ट्रक चालवायला गेला, आणि त्रेचाळीसच्या ऑगस्टमध्ये सिसिलीत मारला गेला. सरकारी तार आली, तिच्यात 'शत्रूशी लढताना' असं होतं.

तीन आठवड्यांनी त्याच्या जोडीदाराचं पत्र आलं. बॉम्ब आपल्याच विमानांनी टाकला होता. ट्रकवर ओळखीची तांबडी-पांढरी पट्टी होती, पण तिच्यावर एवढी धूळ बसलेली की वरून काही दिसलं नसणार, असं त्या पोरानं लिहिलं होतं. दिसलं असतं तर टाकला नसता, असंही पुढं लिहिलं होतं. डॉर्कसनं पत्र दोनदा वाचलं आणि चहाच्या डब्यामागं ठेवलं. हेडलीनं एकदा वाचलं आणि उठून फाटक रंगवायला गेला. फाटक तीनच दिवसांपूर्वी रंगवलेलं होतं. त्या पत्राबद्दल तो घरात बोलला नाही, बाहेर तर नाहीच. लोक समजत होते तेच त्यानं समजू दिलं.

चव्वेचाळीसच्या एप्रिलअखेर आमच्या गावाबाहेरच्या बीच झाडांच्या राईत फौजेचे ट्रक येऊन उभे राहिले. एकूण सदतीस. कशासाठी आलेत ते विचारायचं नव्हतं, आणि समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये जाणार ते सगळ्यांना माहीत होतं. आठ दिवसांनी त्यांचा सार्जंट ऑडी हेडलीच्या दारात आला. यॉर्कशरचा माणूस, जाडजूड, चहाचा मग हातातून न सोडणारा.

"पाट्या रंगवणारे आजोबा तुम्हीच का?"

"आजोबा कोणाचे?" हेडली म्हणाला.

"बरं, नुसते रंगवणारे तुम्हीच का?"

काम असं होतं. प्रत्येक ट्रकच्या बॉनेटवर पांढरा तारा आणि ताऱ्याभोवती पांढरं कडं हवं. आपल्या विमानांना वरून ओळख पटावी म्हणून. नुसता तारा लांबून शत्रूच्या क्रॉससारखा दिसायचा, म्हणून मग कडं आलं. पोरांनी पत्र्याचा छापा कापून तारे मारले होते. पण छाप्यात कडं कापायचं तर मधे मधे पत्रा जोडून ठेवावा लागतो, नाहीतर मधला भाग गळून पडेल. त्या जागी कडं तुटलेलं राहिलं होतं. त्या फटी हातानं बुजवायच्या होत्या, आणि पोरांनी बुजवल्या तेव्हा कड्याचा बटाटा झाला होता.

राईत जाऊन हेडलीनं पहिला ट्रक बघितला.

"हा काय आहे?"

"तारा," सार्जंट म्हणाला.

"असं कोण म्हणतं?"

"हुकूम म्हणतो. हे बघा आजोबा, तारे आमचे आम्ही काढलेत. तुम्ही फक्त फटी बुजवायच्या. प्रत्येक कड्याला सहा. आणखी काही करायचं नाही."

पहिल्या दिवशी हेडलीनं फटी बुजवल्या. रात्रभर त्याला झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी तो हात टेकायची काठी आणि सेबलच्या केसांचे बारीक ब्रश घेऊन आला. ताऱ्यांच्या कडा फुटलेल्या होत्या, त्या त्यानं सरळ केल्या. टोकं बोथट होती, ती टोकदार केली. आता तिथं थांबावं की नाही? पण ज्या माणसानं तेहतीस वर्षं 'स्टार'ची पाटी येता-जाता बघितली, त्याला सपाट तारा बघवेना. त्यानं प्रत्येक टोकाच्या मधोमध रेघ ओढली आणि एक अंग गडद केलं. राखाडी रंग लढाईत कुठला मिळायला? त्यानं फौजेच्याच हिरव्यात थोडं पांढरं घातलं आणि आपलं काम भागवलं.

तो ट्रक टॅप्सेल नावाच्या लंडनच्या ड्रायव्हरचा होता. टॅप्सेलनं आपल्या ट्रकचं नाव ग्लॅडिस ठेवलेलं, आणि तिला रोज फडक्यानं पुसायचा. तो समोर आला, थबकला, आणि त्यानं ताऱ्यावर बोट फिरवून बघितलं.

"आयला, हा सपाट आहे!"

"मग काय डोंगर असणार?" हेडली म्हणाला, पण तो खूश होता. कान लाल झाले होते.

झालं! दुपारपर्यंत सगळे ड्रायव्हर जमले. ग्लॅडिसला आहे आणि माझ्या ट्रकला नाही म्हणजे काय? कोणी हेडलीला सिगारेट दिली, कोणी त्याची शिडी धरली. रोज चार ट्रक. मधे एकदा कॅप्टन पेलिंग आला, चोवीस वर्षांचा, मिशीची नुसती हूल. ट्रकभोवती तो एक फेरी मारून आला.

"सार्जंट, हे हुकमात आहे का?"

"हुकमात तारा आहे, साहेब. हा ताराच आहे."

कॅप्टन रोज संध्याकाळी 'स्टार'मध्ये बसायचा. "छान दिसतोय," तो म्हणाला आणि निघून गेला. लढाया अशाच चालतात. आम्हाला वाटतं वर कोणीतरी बसून विचार करतंय.

दहाव्या दिवशी सदतिसावा ट्रक पुरा झाला. हेडली घरी आला तो शीळ घालत. सिरिल गेल्यापासून त्यानं शीळ घातली नव्हती. डॉर्कसनं सशाचं कालवण केलं होतं. त्यानं दोनदा वाढून घेतलं आणि सांगायला लागला. कसे अख्खे सदतीस ओळीनं उभे आहेत, कसे राईतल्या वाटेवरून बघितले की एकेक तारा उठून अंगावर येतो, आणि तो लंडनचा ड्रायव्हर काय म्हणाला. डॉर्कस ऐकत होती. ती कमी बोलणारी बाई, पण बोलली की झाकण पाडल्यासारखं.

"वरून कसे दिसतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे वरून. आकाशातून."

"अगं, कुरणापलीकडच्या रस्त्यावरून साफ दिसतात! तिथून दिसतात तर..."

"आपल्या सिरिलवर बॉम्ब रस्त्यावरून नव्हता पडला," डॉर्कस म्हणाली.

नऊ महिन्यांत त्या घरात ते पहिल्यांदा बोललं गेलं. हेडलीनं काटा खाली ठेवला. उरलेलं कालवण ताटात तसंच राहिलं. डॉर्कसनं ते मांजराला घातलं नाही, झाकून ठेवलं. रेशनचे दिवस होते आणि ती काही निर्दय बाई नव्हती.

सकाळी हेडली सार्जंटकडं गेला आणि एक ट्रक तासभर चर्चच्या मनोऱ्याखाली उभा करून द्या म्हणाला. कशाला, तर सांगेना. सार्जंटनं टॅप्सेलला पाठवलं.

मनोऱ्यावर जोबचीच सत्ता. लढाईत त्याला विमानं ओळखायचं काम मिळालं होतं. सकाळी कबर खणायची, दुपारी मनोऱ्यावर बसून आकाश बघायचं. दिवसाचा पूर्वार्ध खाली आणि उत्तरार्ध वर, असं तोच म्हणायचा. त्याच्याजवळ नुसत्या आकारांची एक चित्रवही होती, आपली विमानं, त्यांची विमानं, आपल्या खुणा, त्यांच्या खुणा. वाचता येत नसल्यामुळं जोब आकारांत पक्का झालेला. ढगातून पंखाचं टोक दिसलं की पुरे. खाली टेलिफोनवर शाळामास्तर असायचे, त्यांना जोब दोनच शब्द ओरडून सांगायचा. 'आपला' नाहीतर 'त्यांचा'. चार वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

"दुर्बीण उलटी धर," हेडली म्हणाला.

"उलटी?"

"मोठ्या भिंगाला डोळा लाव. सगळं लांब जाईल. विमानवाल्याला जेवढं दिसतं तेवढं दिसेल. आणि नीट निरखायचं नाही. एकदा बघायचं आणि सांगायचं."

जोबनं दुर्बीण उलटी धरली, कठड्यावरून वाकला आणि लगेच सरळ झाला.

"त्यांचा."

"गंमत करू नकोस."

"गंमत कसली? त्यांचा आहे. ते त्यांचा झेंडा बॉनेटवर पसरतात ना, गोलात वाकड्या हातांचा, तो. चल, मास्तरांना सांगू का?"

हेडलीनं दुर्बीण त्याच्या हातातून ओढून घेतली आणि स्वतः बघितलं. मघापर्यंत त्याला वाटत होतं की बायकोच्या शंकेचं एकदा निरसन करून टाकावं. खाली नाण्याएवढं पांढरं कडं होतं. आत तारा नव्हता. हिरव्यातून कालवलेलं गडद अंग ट्रकच्या हिरव्यात विरून गेलं होतं, आणि प्रत्येक टोकाचं निम्मं अंग तेवढं उरलं होतं. सगळी पाती एकाच बाजूला वळलेली, भिंगरीसारखी. शत्रूच्या स्वस्तिकाला चार हात आणि याला पाच, एवढाच फरक. तीनशे मैलांच्या वेगानं जाणारा माणूस हात मोजत बसत नाही.

आणि असे सदतीस. सिरिलच्या ट्रकवरच्या पट्टीवर धूळ बसली तो योगायोग होता, तिथं कोणाचा हात नव्हता. इथं हात होता, आणि तो हेडलीचा होता. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा त्याला आपल्या कामाची भीती वाटली. तो मनोऱ्याच्या पायरीवर बसला.

जोब जवळ येऊन उभा राहिला. "मी कोणाला काही बोलणार नाही हं," तो म्हणाला. "मला वाचता येत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे."

"पण तू वाचलंस," हेडली म्हणाला आणि उठला.

सार्जंट ऑडी राईतल्या स्वयंपाकाच्या भट्टीजवळ चहा पीत होता. हेडलीनं त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. चूक माझी, कारण माझी खाज, आणि सगळे तारे सपाट करायला हवेत.

सार्जंटनं चहाचा मग खाली ठेवला. तो मग खाली ठेवतो हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"तुम्ही खात्रीनं सांगता?"

"वर चला आणि बघा."

सार्जंट वर जाऊन बघून आला. एवढ्या पायऱ्या चढून-उतरून त्याचा चेहरा लाल व्हायला हवा होता, तो पांढरा झालेला. "आजोबा," तो म्हणाला, "आम्ही कधी निघणार ते मला तुम्हाला सांगता येत नाही. पण परवा सकाळी सातनंतर इथं चहा मिळणार नाही."

म्हणजे पावणेदोन दिवस. आणि पांढरा रंग संपलेला. सार्जंटनं सगळीकडं धुंडाळलं. शेवटी कॅप्टनच्या तंबूभोवतीचे दगड रंगवायला राखून ठेवलेले दोन डबे निघाले. फौज कुठंही जावो, तंबूभोवतीचे दगड पांढरे हवेत. त्या दिवशी ते रंगायचे राहिले, आणि कॅप्टनच्या ते ध्यानातही आलं नाही.

हेडलीनं सेबलचे ब्रश घरी ठेवले. भिंतीला चुना मारतात तसला रुंद ब्रश घेतला आणि पहिल्या ताऱ्यावर फासला. रेघ गेली, गडद अंग गेलं. कडेला ओघळ आला, तो त्यानं पुसला नाही. पुसायला वेळ नव्हता. दुसरा, तिसरा, चौथा. हिरवं अंग खालून डोकवायचं म्हणून दोन हात द्यावे लागत. ड्रायव्हर भोवती जमले, पण आता शिडी धरायला कोणी पुढं येईना.

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

"काल काढायचं आणि आज पुसायचं. सरकारी नोकरीच मिळाली म्हणायची याला."

हेडली ऐकत होता आणि फासत होता. टॅप्सेल मात्र ग्लॅडिससमोर हात पसरून उभा राहिला.

"माझ्या ट्रकला हात लावायचा नाही. मी घरी पत्रातून कळवलंय. माझ्या बायकोला माहीत आहे तारा कसा आहे ते."

"बाजूला हो," हेडली म्हणाला.

"नाही होणार. अहो, तुम्हीच काढला ना? तुम्हाला तुमच्याच हातच्या कामाची कदर नाही?"

हेडलीनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. त्याच्या ब्रशातून पांढरे थेंब त्याच्या बुटावर पडत होते. तो टॅप्सेलकडं न बघता ताऱ्याकडं बघून बोलला.

"माझा मुलगा ट्रक चालवायचा. सिसिलीत. त्याच्या ट्रकवर खूण होती. वरून दिसली नाही. आपल्याच माणसानं बॉम्ब टाकला." तो थांबला. "ती खूण कोणी रंगवली होती मला ठाऊक नाही. चांगलीच रंगवली असेल. तुझी मी रंगवलीय. आता बाजूला हो."

सार्जंट ऑडी झाडाकडं बघत होता. टॅप्सेल बाजूला झाला. मग त्यानं डब्यातला दुसरा ब्रश उचलला, रंगात बुडवला आणि स्वतःच ताऱ्याचं एक अंग फासलं. फार वाईट फासलं. हेडलीनं उसासा टाकला नाही.

संध्याकाळी डॉर्कस आली. तिच्या हातात कोंबड्यांच्या खुराड्याला चुना मारायचा ब्रश होता. हेडलीनं रुंद ब्रश खाली ठेवला नाही आणि तिनं काही विचारलं नाही. तो ताऱ्याला पहिला हात देत गेला, ती मागून दुसरा देत गेली. लढाईत घड्याळं दोन तास पुढं केलेली, त्यामुळं दहापर्यंत उजेड असायचा, तोवर बावीस ट्रक झाले. उरलेले पंधरा दुसऱ्या दिवशी दुपारी संपले. त्यांच्याकडं कोणी वळून बघितलं नसतं. ओबडधोबड, सपाट, ओघळलेले, पांढरेफट्ट तारे. हेडलीच्या आयुष्यातलं सगळ्यात गचाळ काम.

निघायच्या सकाळी सहापासूनच तो मनोऱ्यावर जाऊन उभा होता. जोब दुर्बीण घेऊन आला आणि न सांगता त्यानं ती उलटी धरली. खाली चर्चच्या भिंतीशी डॉर्कस उभी होती. तिचे गुडघे तिला वर येऊ देत नव्हते.

सातला राईतून पहिला ट्रक बाहेर पडला आणि मनोऱ्याखालच्या वळणाला लागला.

"सांग," हेडली म्हणाला.

"आपला," जोब म्हणाला.

दुसरा आला. "आपला." तिसरा. "आपला." ग्लॅडिस नववी होती. टॅप्सेलनं खिडकीतून हात काढून वर हलवला, तिकडं दोघांपैकी कोणाचं लक्ष नव्हतं. जोब बॉनेट बघत होता आणि हेडली जोबचं तोंड बघत होता. "आपला." पंधरावा, सोळावा. जोब एकदा बघायचा आणि सांगायचा, ठरल्याप्रमाणं, निरखायचा नाही. एकदाही अडखळला नाही. विसाव्याला हेडलीचे ओठ त्याच्याबरोबर हलायला लागले होते.

सदतिसावा ट्रक वळण घेऊन गेला. "आपला," जोब म्हणाला. धूळ हळूहळू रस्त्यावर बसली. खालच्या कुरणात एक गाय हंबरली. जोबनं दुर्बीण खाली घेतली आणि डोळे चोळले.

"झाले सगळे."

"अजून एक आहे," हेडली म्हणाला.

जोबनं रस्त्याकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. मग त्यानं हेडलीकडं बघितलं. हेडलीनं दोन्ही हातांनी कठडा धरला होता आणि त्याच्या बोटांवरचा पांढरा रंग अजून निघाला नव्हता. जोबनं याच माणसाच्या मुलाला घंटेच्या दोराला लोंबकळू दिलं होतं. कुठला म्हणून त्यानं विचारलं नाही. त्यानं दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली आणि रिकाम्या रस्त्याकडं वाकून बघितलं, बाकीच्या सदतिसांना लागला नव्हता एवढा वेळ.

"आपला," तो म्हणाला.

हेडलीनं मान हलवली. मग तो जिना उतरून खाली डॉर्कसकडं गेला.